परवडत नाही ती बोट

समोरच्याच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर सरळ पंजा ठेवायचा आणि म्हणायचं, "आदी माणूस दाखय, मगे आकडो." ही त्याची खोड.

असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर आमची काचेची इमारत आहे. तिथे तो नऊ वर्षं माझ्या शेजारी बसला. राहायला घोडपदेवला, मूळ गाव कोकणात खाडीकाठी. वडील याच गिरणीत कापडाचे साचे चालवायचे, संपानंतर त्यांना काढून टाकलं. आमचं काम म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांसाठी देशोदेशीच्या अर्थव्यवस्थांवर अहवाल लिहिणं. न पाहिलेल्या देशांबद्दल मतं द्यायचा आम्हाला पगार मिळतो.

त्याचं शेवटचं काम पॅसिफिकमधल्या दोन चिमुकल्या देशांचं होतं, पलाऊ आणि तुवालू. दोघांच्या सेवाक्षेत्रांची तुलना करायची होती. मी दोन दिवसांत तक्ता उरकला. पलाऊकडे पर्यटन, हॉटेलं, समुद्रात बुड्या मारायला येणारे पाहुणे. तुवालूकडे बहुतेक सेवा सरकारच्याच, म्हणजे शाळा, दवाखाना आणि बेटाबेटांवर जाणारी बोट. एक पुढे, एक मागे. संपला विषय.

तक्त्यावर पंजा आलाच.

"ह्या बोटीत बसतं कोण?"

"मला काय माहीत रे!"

"मग लिहिलंस कसं, मेल्या?"

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी आठला यायला लागला. तुवालूत तेव्हा दुपारचे अडीच. तिथल्या आकडेवारीच्या कचेरीतल्या एका बाईंना तो फोन लावायचा. इंग्रजी त्याचं लालबागच्या शाळेतलं, पण गाडी अडत नसे. पहिल्या फोनवर यानं काय विचारावं? "जेवलात का?" आम्ही खो खो हसलो. आठवड्याभरात बाई त्याला सगळं सांगायला लागल्या. लांबच्या बेटावर नर्स एकटी असते, औषधं बोटीनेच येतात, अडलेली बाईसुद्धा बोटीनेच राजधानीला न्यावी लागते.

पलाऊचंही त्याने तसंच खणून काढलं. "हॉटेलात राबणारे बरेचसे बाहेरच्या देशातले. पाहुणा बाहेरचा, वाढपी पण बाहेरचा. तुलना करायची तर ही कर ना!"

गिऱ्हाइकाला ही तुलना नको होती. त्यांना निष्कर्ष हवा होता, बोट परवडत नाही, फेऱ्या कमी करा. हा अहवाल तुवालूला मदत देणाऱ्यांपुढे जाणार होता. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"एका वाक्याचा तर प्रश्न आहे. टाका लिहून."

"आमच्या खाडीतली होडी अशीच परवडत नाही म्हणून बंद केली, साहेब," तो म्हणाला. "आत्या अडली होती माझी. आजोबा तिला घेऊन तीरावर बसून राहिले. ती पण गेली, पोर पण गेलं. हे वाक्य मी लिहिणार नाही."

"इमोशनल होऊ नका हो. डेटा बघा."

डेटा बघा! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आम्ही सगळे इंटरनेटवरून उचलेगिरी करत होतो. फोन उचलून विचारलं होतं ते त्या एकट्याने.

त्याच आठवड्यात 'टीममध्ये बसत नाही' म्हणून त्याला घरी पाठवलं. ज्या जमिनीवरून बापाला काढलं, तिथूनच. त्याने डबा पिशवीत घातला, कुणाशी भांडला नाही. जाताना माझ्या स्क्रीनवर पंजा ठेवून एवढंच म्हणाला, "तू तरी लिहू नको रे."

ते वाक्य मी लिहिलं. अगदी सफाईदार झालं. साहेबांनी पाठ थोपटली. साहेबांना शिव्या घालणं सोपं आहे, पण बोटं माझी होती. मुलीची शाळा, आईची औषधं, सगळी कारणं स्वतःला सांगून झाली. एकही पुरत नाही. तो माझे फोन घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मागच्या सोमवारी मी लवकर आलो होतो. आठ वाजता त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या बाई होत्या. तो आता इथे नाही, असं मी सांगितलं.

"तुम्ही शेजारी बसणारे मित्र ना? ते सांगायचे तुमच्याबद्दल. आमच्या बोटीचं नीट लिहिलंत ना?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो. त्यांना वाटलं, फोन कटला.

"हॅलो? ऐकताय ना? जेवलात का?"

सकाळचे आठ वाजले होते. मी फोन ठेवून दिला.