माशांच्या मशीनखाली कानबाईची चुंबळ

शिवणयंत्राचं तेल मी माशांच्या मशीनमध्ये घातलं होतं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. आज नातवंडं विचारतात, "आजी, तुला सगळं कसं गं येतं?" तेव्हा मी गालातल्या गालात हसते. त्यांनी ती एकावन्न वर्षांची बाई पाहिलेली नाही, जी पदर खोचून, नाकावर चष्मा चढवून, लांब नळीची तेलाची कुपी घेऊन विजेच्या मशीनवर चाल करून गेली होती. जे कुरकुरतं त्याला तेल द्यायचं, एवढंच माझं यंत्रज्ञान. दाराची बिजागरी तेलाने गप्प झाली होती, शिवणयंत्र झालं होतं, झोपाळ्याची कडी झाली होती. मग या मशीनने काय घोडं मारलं होतं?

मशीन कसलं, ते सांगते. आम्ही तेव्हा धुळ्याला राहत होतो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. निवृत्तीला वर्ष उरलं असताना यांना हृदयाचा झटका आला. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते जणू दुसरेच. बोलणं नाही, हसणं नाही, नुसतं छताकडे बघत पडायचं. डॉक्टर म्हणाले होते, मन कशात तरी रमू द्या. म्हणून आमचा मुलगा प्रकाश सुट्टीवर आला तेव्हा त्याने काचेची पेटी आणि पाच मासे आणले आणि पेटी यांच्या पलंगासमोर मांडली. पेटीत पाणी साफ करणारा फिल्टर होता. त्यात हवा सोडायला एक छोटं मशीन, साबणाच्या वडीएवढं. ते पेटीच्या वर भिंतीतल्या फळीवर ठेवलं होतं, आणि त्यातून एक नळी पाण्यात उतरायची. पहिल्याच दिवशी हे उठून बसले. दुसऱ्या दिवशी जाड्या केशरी माशाकडे बोट करून म्हणाले, "हा आमचा मुकादम. काम काही नाही, नुसता फिरतो." पंधरा दिवसांनी ते हसले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

पण ते मशीन! घर्रर्र, घर्रर्र, दिवसरात्र. साबणाच्या वडीएवढ्या वस्तूच्या पोटात एवढं काय भरलंय, ते कळेना. आयुष्यभर जिनिंगच्या खडखडाटात सरकीच्या पोत्याला टेकून डुलकी काढणारा माणूस त्या आवाजाने झोपेना. डॉक्टरांनी तर बजावलेलं, दुपारची दोन तास आणि रात्रीची पुरी झोप हेच यांचं खरं औषध. झोप नाही म्हणून रक्तदाब खाली येईना. मशीन बंद करावं तर मासे वर येऊन तोंड उघडायचे, आणि हे लगेच म्हणायचे, "चालू कर. ते गेले तर मीही गेलोच समज." पेटी बाहेरच्या खोलीत नेऊ म्हटलं तर म्हणाले, "मग इथे मी काय दाराची कडी बघू?" असं अडकलो आम्ही. मासे हवेत, झोप हवी, आणि दोघांच्या मध्ये ते मशीन बसलेलं.

मग मी कामाला लागले. तेलाचा प्रताप आधी. चार थेंब पुरले असते, मी चांगली धार धरली. आतलं रबर फुगलं, हवेबरोबर तेल पाण्यात गेलं, वर तवंग आला आणि मुकादम आडवा झाला. हे तेव्हा तपासणीला गेले होते. मी बादल्या-बादल्या पाणी बदललं, आग्रा रोडवरच्या दुकानातून नवं मशीन आणि तस्साच एक केशरी मासा आणला, आणि हे आले तेव्हा मी देवापुढे माळ ओढत बसले होते, अगदी साध्वीसारखी. नवं मशीन जुन्याच्या वरताण निघालं. त्याला गोधडीत गुंडाळलं, तर तासाभरात तापून जळका वास. फळीवरून काढून खाली फरशीवर ठेवलं, आणि दुपारी वीज गेली. मशीन बंद पडताच पेटीतलं पाणी नळीतून उलटं खाली धावलं. मी पोथी सोडून पोतेरं घेऊन धावले. पुन्हा फळी. शेवटी यांच्या कानात कापसाचे बोळे घातले. दहा मिनिटांत काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, "आता माझंच काळीज ऐकू येतं. त्यापेक्षा मशीन बरं."

देवाला मी सोडलं असेल असं समजू नका. आमच्या घरात कानबाई, आम्हा खानदेशातल्यांची देवी. श्रावणात तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्यांचा नैवेद्य, होतात, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, नारळाची कानबाई सजवून पाटावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी घरची बाई तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेते. त्या वर्षी मी तिच्याशी दोन महिने आधीपासून बोलत होते. बोलत होते कसली, कामाची यादी देत होते. "बाई, बिनआवाजाचं मशीन पाठव. नाहीतर दुकानदाराला बुद्धी दे. नाहीतर प्रकाशला रजा दे, म्हणजे तो येऊन बघेल. पाच वर्षं अनवाणी तुला नदीवर नेईन." तिने काय करायचं, कुणाकडून करायचं, कधीपर्यंत करायचं, सगळं मीच ठरवून दिलेलं. तिने फक्त मान हलवायची. आता आठवलं की हसू येतं. हे झोपेवाचून तळमळत पडलेले, आणि मी देव्हाऱ्यापुढे देवीची मुकादम होऊन बसलेली.

रोट दरवर्षी दोंडाईच्याला थोरल्या जाऊबाईंकडे असत. यांना प्रवास झेपेना, म्हणून त्या वर्षी सगळे धुळ्याला आमच्याकडे आले. दोन खोल्यांत तीस माणसं. पुरण, खीर, रोट, माणसांचे पाय आणि भांड्यांचा ढीग. मंगळवारी यांची तपासणी होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या वेळीही दाब उतरला नसेल तर पुन्हा दाखल करावं लागेल. ते ऐकल्यापासून यांनी जेवण निम्म्यावर आणलं होतं. रविवारी कानबाई पाटावर बसवली, तिला नथ घातली, ओटी भरली, आणि नवस बोलायला हात जोडले, तर एक शब्द आठवेना. दमून गेले होते हो. एवढंच म्हटलं, "बाई, माझ्याने नाही होत. तू बघ." आणि मागून जाऊबाईंनी हाक मारली, खिरीला जायफळ कुठंय म्हणून.

सोमवारी सकाळी कानबाईला निरोप द्यायचा. बाहेर वाजंत्री सुरू झाली, बायका फुगड्या घालत होत्या. मी चुंबळ आणायला आतल्या खोलीत गेले. माझ्या जुन्या सुती लुगड्याची, घट्ट पीळ देऊन केलेली, पाट डोक्यावर स्थिर राहावा म्हणून खाली ठेवायची ती चुंबळ. आत हे खुर्चीत बसलेले, आणि पेटीसमोर जमिनीवर एक म्हातारी मांडी घालून मासे बघत होती. हिरव्या काठाचं धुवट लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी खुंटीवरची चुंबळ काढली, आणि दोंडाईच्याकडची कुणी असेल म्हणून वाकून नमस्कार केला. तिने फळीकडे हात केला आणि मशीन एवढं का गुरगुरतं, ते अहिराणीत विचारलं.

"काय वं माय, हाई मशीन काब्र इतलं गुरगुरी राह्यनं?"

"आवाजच तसा आहे त्याचा, मावशी. काय नाही केलं आम्ही!"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फळीवर पंजा पालथा ठेवून क्षणभर थांबली, वैद्य नाडी बघतो तशी. "हाऊ आवाज याना नही शे. फळीना शे. बठ्ठी फळी वाजी राह्यनी." म्हणजे आवाज मशीनचा नाही, अख्ख्या फळीचा. मग माझ्या हातातल्या चुंबळीकडे बघत म्हणाली, "डोकावर हंडा लेस तवय चुंबळ ठेवस ना? मंग याले उघडा लाकूडवर काब्र बसाडं?"

मला हसू आलं. म्हटलं, "मावशी, हे विजेचं आहे. हंडा नव्हे." तीही हसली. "वीजले बी बूड ऱ्हास, माय." विजेलाही बूड असतं म्हणे! तेवढ्यात बाहेरून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी तांब्याभर पाणी तिच्यापुढे ठेवलं आणि पळाले. आमच्या रोटाचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर जात नाही, पण ती आपल्यातलीच समजून मी जाऊबाईंच्या सुनेला सांगितलं, त्या आजींना रोट वाढ. नंतर सून म्हणाली, आत यांच्याशिवाय कुणीच नव्हतं, तांब्या रिकामा होता.

पाट डोक्यावर घेऊन पांझरा नदीकडे निघाले. पुढे ढोल, ताशा, झांजा. असा दणका की पाटाच्या कडा माझ्या बोटांत थरथरत होत्या. बोटांना मुंग्या आल्या. आणि चौकाच्या वळणावर माझ्या ध्यानात आलं की बोटं थरथरतायत, पण डोकं शांत आहे! पाट वाजतोय, कडा वाजतायत, पण मधली चुंबळ तो सगळा थरकाप पिऊन टाकतेय, माझ्या कवटीपर्यंत काहीच पोचत नाही. भर रस्त्यात, डोक्यावर देवी असताना, मी मोठ्याने ओरडले, "अगं बाई, फळी!" जाऊबाईंना वाटलं माझ्या अंगात आलं. त्यांनी लगेच माझ्या पायावर पाणी घातलं आणि हळद-कुंकू लावलं. मी मनात म्हटलं, आयती पूजा होतेय, होऊ दे.

निरोप देताना डोळे भरून आले, पण पायांना घराची घाई सुटली होती. सगळ्या बायका मागे आणि मी ओल्या पायांनी, चुंबळ छातीशी धरून पुढे, जवळजवळ पळत. घरात शिरले ती थेट आतल्या खोलीत. मशीन उचललं, फळीवर चुंबळ ठेवली आणि मशीन तिच्यावर अलगद बसवलं, बाजूने वारा खेळता ठेवून. घर्रर्र गेलं. खरंच गेलं! उरली ती पाण्यातली बारीक बुडबुड. हे खुर्चीतून उठले. किती दिवसांनी आपणहून उठले! पेटीवर कान नेला, म्हणाले, "अजून काहीतरी खडखडतंय." नळी पेटीच्या पत्र्याच्या झाकणाला टेकून थरथरत होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली, झाकणाच्या कडेखाली माझ्याच लुगड्याच्या चिंधीची घडी सरकवली. मग फिल्टरमधला कापूस काळा झालेला दाखवला. तो धुतला तशी हवा आणखी मोकळी वाहू लागली. नाडी दाखवून दिल्यावर बाकीचं आम्ही दोघांनी मिळून केलं, शाळेतल्या पोरांसारखं एकमेकांना ढकलत.

एक वाजता हे आडवे झाले. दोन वाजले, तीन वाजले, हालचाल नाही. मी घाबरले. हळूच नाकाखाली बोट धरलं. श्वास होता, चांगला गरम, आणि लगेच एक घोरणं आलं, असं की मशीन लाजावं! तीस माणसं घरात, आणि मी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना अंगणात हाकललं. साडेचारला उठून म्हणाले, "चहा." मंगळवारी डॉक्टरांनी दोनदा दाब मोजला आणि म्हणाले, दाखल व्हायची गरज नाही, घरीच राहा. रिक्षात बसल्यावर यांनी माझा हात धरला, भर बाजारात.

त्या म्हातारीला मी खूप शोधलं. जाऊबाईंना वाटलं होतं ती माझ्या माहेरची, मला आणि यांना वाटलं होतं त्यांच्याकडची. गल्लीत विचारलं, दोंडाईच्याला पत्र टाकलं, कुणी ओळखत नव्हतं. ती कोण होती हे मी ठरवत नाही. असेल एखादी वाटसरू, वाजंत्री ऐकून पाण्याला आत आलेली, आयुष्यभर हंडे वाहिलेली शहाणी बाई. मला एवढंच माहीत आहे की दोन महिने मी देवीला उपाय सांगत होते, आणि उपाय माझ्याच हाताने पिळून खुंटीला टांगलेला होता. ज्या दिवशी सांगायचं राहून गेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तो दाखवला. अजूनही हात जोडते तेव्हा यादी जिभेवर येते. ती गिळते आणि म्हणते, "बाई, तू बघ." मग डोक्यावरचं ओझं असतं तेवढंच असतं, पण टोचत नाही. यांना त्यानंतर बरीच वर्षं मिळाली. प्रत्येक दुपार मी तिच्या पायाशी मोजून ठेवली आहे.

त्या आठवड्यात मात्र मला राहवेना. येईल त्याला मी गोष्ट सांगत होते, दूधवाल्याला, शेजारणीला, पोस्टमनला, ओरडण्यासकट आणि हातवाऱ्यांसकट. चौथ्या दिवशी दुपारी यांच्या उशाशी बसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि त्या भरात शिवणयंत्राचं तेल आणि मुकादमाची अदलाबदलही कबूल करून बसले. यांनी डोळे न उघडता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुकादमाच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता, याला नाही, ते मला त्याच दिवशी कळलं. मशीन तर गप्प झालं गं. तुझ्याखाली काय ठेवायचं, तेवढं त्या आजीबाईला विचारायचं राहिलं."