घडी घातलेले ॲप्रन

माझं हृदय पहिल्यांदा भरकटलं ते दुसऱ्याच्या हृदयात तार घालताना. जळगावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी हृदयरोगतज्ज्ञ. कॅथलॅबच्या टेबलावर सोनगीरचे एक आबा होते, क्ष-किरण चालू, माझी नजर पडद्यावर. अचानक छातीत धडधड सुरू झाली आणि थांबेचना. दरदरून घाम फुटला. या कामात पेशंट जागा असतो, सगळं बघत असतो. आबा म्हणाले, "डॉक्टर, तुम्हनी तब्येत ठीक शे ना?" मी खेकसलो, "आबा, तुम्ही गप पडून राहा." त्यांचं काम उरकलं आणि बाहेर येऊन स्वतःचाच ईसीजी काढायला लावला. ठोक्यांना ताळतंत्र नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होतात. हे सगळं आयुष्यभर लोकांना समजावलं, आता स्वतःला समजावत बसलो.

हे वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या क्ष-किरणांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. वय झालंय, ब्लडप्रेशर आहे. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, आणि नेमकं हेच सगळ्यांच्या सोयीचं आहे. पण डोक्यातला किडा जाईना. म्हणून एका रविवारी कॅथलॅब रिकामी असताना मी किरण अडवायला घालतो तो माझा शिशाचा ॲप्रन टेबलावर पसरला, मशीन सुरू केलं आणि पडद्यावर बघितलं. डाव्या छातीवर आडवा तडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत! म्हणजे जिथं किरण अडायला हवेत तिथूनच ते आत येत होते. बाकीचे ॲप्रन बघितले. बहुतेकांची तीच गत. वरून कापड मात्र कोरं करकरीत.

हे ॲप्रन एका डाळमिलवाल्या शेठजींनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले. तसं प्रत्येकाच्या छातीवर भरतकाम करून लिहिलेलं. आमच्याकडे पंख्यापासून बाकापर्यंत देणाऱ्याचं नाव असतं. त्याला माझी ना नाही, लोकांनी दिलं म्हणून तर हॉस्पिटल उभं राहिलं. पण शिशाचा ॲप्रन रुंद हँगरला सरळ टांगायचा असतो. घडी घातली की आतलं शिसं तिथंच मोडतं. आमच्या ट्रस्टच्या चिटणिसांना पाहुण्यांना कॅथलॅब दाखवायची भारी हौस. टांगलेल्या ॲप्रनवरचं नाव नीट वाचता येत नाही म्हणून त्यांनी काचेचं कपाट करून घेतलं आणि साडीच्या दुकानात असतात तशा घड्या घालून ठेवायला लावल्या, नाव वर येईल अशा. मी तेव्हाच म्हटलं होतं, "भाऊ, घड्या घालू नका." तर म्हणे, "डॉक्टरसाहेब, काही शोभा नको का?" शोभा! डोंबलाची शोभा!

सोमवारी मी त्यांना पडद्यासमोर उभं केलं. "बघा. हे आजच्या आज फेकायचे."

"फेकायचे? शेठजींच्या वडिलांचं नाव आहे त्याच्यावर. त्यांना काय वाटेल?"

"आणि आमच्या छातीचं काय?"

"तुम्ही मनाला फार लावून घेता. आधीच तब्येत बरी नाही तुमची." हा टोमणा नव्हता, त्यांना खरोखर माझी काळजी वाटत होती. त्यामुळे तर तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सरळ शेठजींच्या मिलवर गेलो. माणूस सज्जन. ऐकताऐकता खुर्चीतून उठलेच. "अरे देवा! आधी का नाही सांगितलं? नवे मागवा, लगेच मागवा." झालं, नवे ॲप्रन आले, टांगायला दांड्या आल्या आणि अर्थातच कार्यक्रम आला. शाल-श्रीफळ देऊन मला स्टेजवर बसवलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझं जे व्हायचं ते झालं, पण माझ्यामागून येणारी पोरं तरी वाचतील, असं वाटलं. तेवढ्यात चिटणिसांनी माइकवरून जाहीर केलं, की जुने ॲप्रनही वाया घालवलेले नाहीत, ते ट्रस्टच्या बोदवडच्या दवाखान्याला भेट दिले आहेत. टाळ्यांचा कडकडाट. मी "अहो, थांबा" म्हणत उठलो आणि छाती अशी धडधडली की मटकन खाली बसलो. डॉक्टरांना भरून आलं, असं लोकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरून बोदवड गाठलं. तिथं हाडांची डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी आहे. मोडलेलं हाड बसवताना तीही क्ष-किरणाचं मशीन चालू ठेवून शेजारी उभी राहते. मी पोचलो तेव्हा ती ॲप्रन चढवून ऑपरेशनला निघालीच होती. मी दम खात म्हणालो, "काढ तो आधी. आतलं शिसं मोडलंय, डाव्या बाजूला, बरोबर हृदयावर."

तिनं छातीवरून हात फिरवला. वरून काय कळणार?

"इतके दिवस काय घालत होतीस?"

"काहीच नाही, सर. मशीन आलं, ॲप्रन काही आले नाहीत. मागून मागून कंटाळले. हे काल आले."

येताना एखादा नवा ॲप्रन काखोटीला मारून आणावा, एवढंही मला सुचलं नव्हतं. आत पेशंटला भूल देऊन झाली होती, नर्स दारातून तिला हाक मारत होती. पुन्हा "काढ" म्हणावं, तर तिच्या अंगावर तेवढंही उरणार नव्हतं. तिनं पट्टा आवळला, "सर, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका" म्हणाली, आणि तो मोडका ॲप्रन घालून आत गेली.