नफतालीची ओ कोणी द्यायची

वयाच्या दहाव्या वर्षी मी मरता मरता वाचलो आणि माझ्याऐवजी माझं नाव गेलं.

नाव चांगलं होतं. नफताली. म्हणजे ‘माझी झुंज’. माझ्या जन्माच्या वेळी आई दोन दिवस अडली होती, म्हणून बाबांनी शास्त्रातून शोधून ते ठेवलं होतं. आमच्या बेने इस्राएल लोकांत नावाला अर्थ लागतो. थोरली बहीण सिप्पोरा, म्हणजे पाखरू. बाबा एलिया. खांडबारा स्टेशनावर रेल्वेचे सुतार असलेले माझे बाबा रंधा मारता मारता या नावांचे अर्थ गँगमनांना समजावून सांगत, आणि गँगमन बिडी संपेपर्यंत ऐकून घेत. पंचक्रोशीत यहुद्यांचं घर आमचं एकच. त्यामुळे बाबा सांगतील तो अर्थ खरा.

त्या पावसाळ्यात मला हिवताप आला. नवापूरचे कंपाउंडर क्विनाइन देऊन गेले. आठ दिवस झाले तरी ताप हटेना, तेव्हा घरातली सूत्रं आमच्या विधवा आत्यानं हाती घेतली.

“एलिया, नाव बदल पोराचं.”

ही पद्धत आमच्यात जुनी आहे. आत्याच्या समजुतीप्रमाणे मरणाचा दूत यादी घेऊन येतो. यादीत नाव नफताली. घरात नफताली नावाचं कोणी नसलं, की तो परत जातो. (थोडक्यात, वॉरंट घेऊन आलेल्या शिपायासारखाच तो. आत्याचा नवरा पोलिसात होता.)

बाबांनी पुस्तक उघडलं. “हयीम ठेवू. म्हणजे जीवन.”

“माझा धाकटा दीर हयीम होता. बत्तिसाव्या वर्षी गेला.”

“मग रफाएल. देव बरं करतो.”

“म्हणजे पोरगा आजारी आहे, हे आपणच त्याला सांगायचं?”

“नोहा? म्हणजे विसावा.”

“एलिया, तुला मुलगा हवाय की नकोय?”

मी गोधडीत कुडकुडत हे सगळं ऐकत होतो. माझं मत कोणी विचारलं नाही.

शेवटी आत्यानं विचारलं, “शास्त्रात सगळ्यात जास्त कोण जगला?”

“मथुशलह. नऊशे एकोणसत्तर वर्षं.”

“ठेव.”

“अगं, पण अर्थ... भाल्याचा माणूस, असा काहीतरी आहे.”

“असू दे भाला हातात. येणाऱ्याला दिसला पाहिजे.”

अशा रीतीनं, अंगावर मूठभर मांस नसलेला मी शास्त्रातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या नावाचा धनी झालो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कंपाउंडर फार रागावले. “दहा दिवस क्विनाइन मी पाजलं, आणि यश त्या म्हाताऱ्याला!” असं म्हणून ते जे गेले, ते पुन्हा आमच्याकडे चहाला आले नाहीत.

शेजारच्या गेंदामायलाही हा प्रकार पटला नव्हता. “इतलं लांब नाव कसाले? मन्हा तीन पोरं गयात. चवथाले उकिरडावर ठेवा अन् उखर्डू नाव दिधं. आते देख, बैलना मायक शे.” तिचा उखर्डू माझ्याच वर्गात होता आणि खरोखरच बैलासारखा होता. मलाही उकिरड्यावर घालून आणायची तिची तयारी होती. आत्यानं ‘आमच्यात नाही तसं’ म्हणून तो विषय मिटवला.

नावाचा जाच सोसला असता. गाव मला ‘बुढा’ म्हणू लागला, तेही सोसलं. (“काय बुढा, तब्येत बरी शे ना?” हे मला गुडघ्याएवढी पोरं विचारत.) पण आत्यानं एक नियम केला. जुन्या नावानं कोणी हाक मारली, तर ओ द्यायची नाही. ओ दिली की धरला. तिच्या सासरच्या गावी एका मुलाला आई विसरून जुन्या नावानं बोलावून बसली, तो विसरून ‘ओ’ म्हणाला, आणि दिवस मावळायच्या आत आटोपला. त्या मुलाचं नाव काय, हे मी पुढे अनेकदा विचारलं. ते घ्यायचं नाही म्हणे.

आत्या हा नियम सांगत स्टेशनभर फिरली. स्टेशनमास्तर, गँगमन, बाजारातला भेळवाला, सगळ्यांनी तो पाळला. पाळला नाही फक्त शाळेनं. बाबा रजिस्टरमधलं नाव बदलायला गेले, तर मास्तर म्हणाले, “एलियाभाऊ, रजिस्टर म्हणजे काय पाटी आहे, थुंकी लावून पुसायला?” बाबा परत आले, आणि मास्तर नावं न पुकारता तोंडं बघूनच हजेरी मांडत, त्यामुळे सगळे ती गोष्ट विसरून गेले.

दोन वर्षांनी मी आणि उखर्डू नंदुरबारच्या इंग्रजी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसलो. आमच्या घराण्यात तोवर कोणी इंग्रजी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबांनी रजा काढली होती. आत्या नऊवारी नेसून, भाकरी बांधून बरोबर आली होती. परीक्षा आमच्या विश्रांतीच्या दिवशी, शनिवारी, नाही, हा शुभशकुन आहे, असं बाबा गाडीत तीनदा म्हणाले.

वर्गात कारकून यादी घेऊन उभा राहिला. आत्यानं सांगितला होता तसाच. माणूस, हातात यादी.

“नफताली एलिया.”

मी गप्प.

“नफताली एलिया आहे का?”

उखर्डूनं कोपर मारलं. “आरे, तूच ना.”

“नाही.”

तिसऱ्यांदा पुकारा झाला. माझे ओठ इतके घट्ट मिटले होते, की दात दुखू लागले. कारकुनानं गैरहजेरी मांडली. मग डोकी मोजली, तर एक डोकं जास्त.

“तू कोण रे?”

“मथुशलह एलिया.”

त्यानं यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. “असला कोणी नाही इथे. बाहेर.”

बाहेर व्हरांड्यात बाबा आणि आत्या बसले होते. मी घडलेलं सांगितलं. बाबांनी कपाळावर हात मारला. आत्याचा चेहरा मात्र उजळला.

“बघ एलिया. यादी घेऊन आला, तीनदा पुकारलं, आणि परत गेला. नाव नसतं बदललं तर आज पोरगा गेला होता.”

“अगं, तो शाळेचा कारकून आहे!”

“तो काय सांगून येणार आहे, मी कोण ते?”

बाबांनी दुसऱ्यांदा कपाळावर हात मारला. (आत्याच्या या म्हणण्यातली चूक मला आजही सापडलेली नाही. मी विचार करून पाहिला आहे.)

आवाज ऐकून हेडमास्तर आले. बाबांनी हात जोडून सगळी हकिकत सांगितली. हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी ती न हसता ऐकली. ते म्हणाले, “नाव यादीत आहे, मुलगा समोर आहे. त्यानं ‘हजर’ म्हणावं आणि आत जाऊन बसावं. पाच मिनिटांत पेपर वाटतील. त्यानंतर मी कोणालाही आत घेत नाही.”

“म्हण रे,” बाबा म्हणाले.

“म्हणू नकोस,” आत्या म्हणाली.

मी व्हरांड्यात उभा. उघड्या दारातून आत भिंतीवरचा पृथ्वीचा नकाशा दिसत होता. तो मला फार हवा होता. बाबा खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाळा, माझा रंधा तुझ्या हातात यावा, असं मला वाटत नाही. एकदा म्हण.”

मी तोंड उघडलं. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मी तोंड मिटलं. मला शाळाही हवी होती आणि जगायचंही होतं, आणि दोन्ही एकदम मागणाऱ्या मुलाला कोणी काही देत नव्हतं. राग इतका आला, की रडू फुटेना.

एवढ्यात आतून आवाज आला, “हजर, साहेब.”

खिडकीत उखर्डू उभा होता.

कारकून ओरडला, “तुझी हजेरी मघाशी झाली ना?”

“मन्ही झायी. ही त्याना नावनी. त्यानी ओ मी दिधी.”

“तू का देणार?”

“मन्हं नाव उखर्डू शे. माले कोणी लई जात नही.”

हेडमास्तर आत्याकडे वळून अदबीनं म्हणाले, “बाई, असं चालेल?”

आत्यानं उखर्डूला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “गेंदाचा आहे,” ती म्हणाली. “उकिरड्यावर घालून आणलेला. याला नाही नेणार. चालेल.”

“लिहा, हजर,” हेडमास्तर कारकुनाला म्हणाले. कारकून पुटपुटला, की आपल्या सगळ्या नोकरीत असली हजेरी आपण मांडली नाही. पण मांडली.

उखर्डू पहिला आला, मी सातवा. पुढची सात वर्षं, रोज सकाळी, नफतालीची ओ उखर्डूनं दिली. नव्या मास्तरांना तो स्वतःच समजावून सांगे. मॅट्रिकनंतर तो खांडबारा स्टेशनावर माल-कारकून झाला आणि मी पुण्याला कॉलेजात गेलो. तिथे हजेरीला मी नुसता हात वर करत असे. प्राध्यापकांची समजूत अशी, की खानदेशातला मुलगा आहे, बुजरा असेल.

त्या हेडमास्तरांचे, बाबांच्या रंध्याचे आणि उखर्डूचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. आत्याविषयी मात्र मी मनातून धुमसत होतो. एका खुळ्या समजुतीपायी माझं शिक्षण जाणार होतं. बी. ए. ला मी मुद्दाम तर्कशास्त्र घेतलं. या असल्या गोष्टींचा निकाल लावायचा, असं ठरवूनच घेतलं.

पदवीदानाच्या दिवशी बाबा सुताराचा कोट घालून मागच्या रांगेत बसले होते. व्यासपीठावर एक गृहस्थ यादी घेऊन उभे राहिले. आणि भरल्या सभागृहात पुकारा झाला, “नफताली एलिया.”

मी उठलो. पुढे गेलो. वाकलो. तर्कशास्त्राची पदवी दोन्ही हातांनी घेतली आणि परत जागेवर येऊन बसलो.

ओ मात्र दिली नाही.