वन्संचं निरोगी बोट

आमच्या मेलेनाइते वन्संशी वाद घालायची टोंगा बेटांवर कुणाची छाती नव्हती. भावाच्या मुलांवर इथे आईपेक्षा आत्याचा हक्क मोठा, आणि वन्संना भाऊ पाच. पाचही घरांत पहिलं ताट त्यांचं, बाळाचं नाव त्यांच्या पसंतीचं, आणि शहाणपणाचा मक्ता तर जन्मापासूनचा. बाळंतपण अडलं की 'आत्याचं मन दुखावलं असेल' म्हणायची आमच्याकडे पद्धत. या एका भीतीवर बाईंनी उभा जन्म ऐटीत काढला. दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

माझी धाकटी जाऊ नेओमई दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं बाळ पोटात फार मोठं झालं, अडकलं आणि गेलं. दोष अर्थात तिच्याच माथी आला. या खेपेला दवाखान्यात तिच्या रक्तात साखर निघाली. नर्सने बोट टोचून साखर मोजायचं यंत्र दिलं, पट्ट्यांची डबी दिली आणि बजावलं, "रोज जेवणानंतर बघायचं. आकडा चढला की लगेच ये, इंजेक्शन सुरू करू. नाहीतर हेही बाळ तसंच होईल."

रविवारी चर्चमधून आल्यावर वन्सं स्वतः वाढायला बसल्या. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळूच्या पानांचं लू, भाजलेलं डुक्कर, रताळी, वर पाकात बुडवलेले पिठाचे गोळे, तोपाई. नेओमईने पुरे म्हटलं की आणखी दोन. सगळे गप्पा मारत बसले होते तेव्हा तिने कोपऱ्यात जाऊन बोट टोचलं. आकडा चढला होता.

"माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवतंय हे डबडं?" वन्सं कडाडल्या. "आण इकडे. टोच माझं बोट. मी तुझ्या दुप्पट जेवलेय, बघू काय म्हणतंय!"

नेओमईने टोचलं. वन्संचा आकडा तिच्या जवळजवळ दुप्पट आला.

वन्संचा चेहरा पडला, पण लगेच त्या हसल्या. "बघितलंत? खोटारडं आहे मेलं! मला कधी काही झालंय का?" यंत्र, पट्ट्यांची डबी, सगळं पर्समध्ये कोंबून त्या घरी गेल्या. नेओमईचा नवरा विलिआमी, एवढा आडदांड गडी, मान खाली घालून तोपाई गिळत राहिला. बाकीच्यांनी आपापली ताटं पुढे ओढली. असे आमच्या घरातले शूर!

वन्संच्या शब्दाबाहेर दवाखान्यात जायची नेओमईची हिंमत झाली नाही. थोड्याच दिवसांत तिची तहान भागेना, पोट भराभर वाढायला लागलं. मी तडक वन्संचं घर गाठलं. बाई खिडकीशी बसून स्वतःचं बोट टोचत होत्या. पुढ्यात बिनसाखरेचा चहा आणि उकडलेला पाला.

"काय वन्सं, यंत्र खोटारडं ना?"

"हळू बोल गं, शेजारी ऐकतील."

"आज तोपाई नाहीत ताटात?"

"जिवाला जपायला नको का माणसाने?" त्या म्हणाल्या. "नेओमईसाठी केलेत हो. टोपलीत आहेत, जाताना घेऊन जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबी उघडली तर रिकामी. नेओमईच्या वाट्याची शेवटची पट्टी बाईंच्या बोटाला लागली होती. मी यंत्र उचललं आणि टोपलीकडे न बघता बाहेर पडले.

"अगं, माझं यंत्र!" वन्सं मागून ओरडल्या. बाळाचं नावसुद्धा नाही तोंडात.

नेओमईला तशीच दवाखान्यात नेली, कुणालाही न विचारता. संध्याकाळी तिला पहिलं इंजेक्शन मिळालं.