देवीदासच्या वतीनं

देवीदास गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, सुजातानं केला, तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली आणि मी लगेच बोलायला लागलो. धीर धर, कोण कोण आहे जवळ, अकोल्याच्या दवाखान्यातून गाडी कधी निघते... ती मधेच म्हणाली, "काका, जरा थांबा नं." मी थांबलो. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. महिना झाला याला. मी बडबड्या माणूस. तीस वर्षं मास्तरकी केल्यावर जिभेला हाड राहत नाही. पण ही माझी बडबड देवीदासला केवढ्याला पडली, ते मला तो गेल्यावर कळलं.

इंझोरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. गुरुजींनी त्याला प्रश्न विचारला की उत्तर मी द्यायचो. तो नुसता मान हलवायचा. पुढं मी वाशिमजवळच्या मालेगावात मास्तर झालो आणि त्यानं तिथंच मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी त्याच्याकडे आणत. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत दुकानापुढं मोटारींची रांग लागायची आणि हा पठ्ठ्या आत मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसलेला. काम झालं की मोटार चालू करायची, डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "घेऊन जा." एवढंच काय ते बोलणं. घरी त्याच्या वाटचं शकुंतलावहिनी बोलत. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या आणि घर मुकं झालं.

आधी मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. काळ हेच औषध, हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल! पण दुकान उशिरा उघडायला लागलं. उघडलेली मोटार तशीच पडून राहायची, लोक कंटाळून ती रिसोडला न्यायला लागले. जेवण सुटलं, झोप उडाली, मधुमेहाच्या, म्हणजे साखरेच्या गोळ्या घ्यायचंही भान राहिना. शेवटी आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंनीच मला झापलं. "सर, दोन-दोन आठवडे माणूस नीट जेवत नाही, झोपत नाही, कामात मन नाही, तं दाखवाले न्यावं. पागल व्हायची वाट पाहून राह्यले काय तुमी?" तोवर सहा महिने गेले होते.

वाशिमच्या दवाखान्यात मीच त्याला नेलं. डॉक्टरांनी तपासून झोपेसाठी आणि मनासाठी गोळ्या दिल्या आणि पलीकडच्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. सगळ्यांना एकच उपचार लागू पडत नाही. कुणाला गोळ्या पुरतात, कुणाला मनात साचलेलं बोलून मोकळं व्हावं लागतं. कुणाचे विचार एकाच जागी फिरत राहतात, ते त्याच्यासोबत बसून तपासावे लागतात, रोजची लहान लहान कामं पुन्हा लावून द्यावी लागतात. कधी सगळ्या घराला एकत्र बसवावं लागतं, कधी जोडीदार गमावलेल्या चार जणांना. "यांना काय लागेल, ते यांच्याशी बोलल्यावरच कळेल," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मला राग आला. आमच्याकडे दवाखान्यात माणूस एकटा जात नाही. सोबत कुणीतरी असतंच, आणि दुखणं सोबतचाच सांगतो, पेशंट शर्टाची बटणं काढतो. मॅडमनी देवीदासला विचारलं, "हे बसलेले चालतील?" त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "बसू द्या. मास्तर हाय तो, नीट सांगते."

आणि मी नीट सांगितलं! त्याचं बालपण, लग्न, वहिनींचं दुखणं, सगळं क्रमवार. मॅडम त्याला विचारायच्या, झोप कशी आहे? मी सांगायचो, तीन तास. रात्री काय मनात येतं? मी सांगायचो, वहिनींची आठवण. तीन खेपा अशाच झाल्या. चौथ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला. चहा घेतला, कप खाली ठेवला.

"उद्या मी एकटाच जातो."

"काहून बे? मी सोबत असलो तं काय बिघडते?"

"काही नाही... असंच."

सकाळी त्याच्या आधी मीच स्टँडवर हजर. मला पाहून तो हसला, ते हसू मला तेव्हा आनंदाचं वाटलं. वाशिम येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्या दिवशी मॅडमनी त्याला पुन्हा विचारलं, एकट्यानं बोलायचंय का? तो म्हणाला, "नाही, ठीक हाय." त्यानंतर तो गेलाच नाही. "आता बरं वाटते," म्हणाला, आणि मीही ते खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. गोळ्या सुटल्या, साखरेच्याही सुटल्या. पायाची जखम त्यानं कुणाला दाखवली नाही. दाखवली तेव्हा अकोल्याला न्यावं लागलं, आणि तिथंच तो गेला.

त्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो, अर्थातच. लोक पांगल्यावर सुजाता जवळ येऊन बसली. "काका, राग नका मानू. बाबा म्हणे, मास्तरासमोर मले रडता येत नाही. आणि बाहेर बस म्हनलं तं त्याले वाईट वाटीन." त्याला तिथं काय सांगायचं होतं, हे तिलाही माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही. माझ्या मनाला लागू नये म्हणून माझा मित्र गप्प राहिला. हे मी कुठं ठेवू?

मलाही झोप येईना, वर्गात शिकवता शिकवता अडकायला लागलो. नर्सबाईंचे शब्द आठवले आणि गेल्या आठवड्यात वाशिमला गेलो. बायको सोबत येते म्हणाली, तिला नको म्हटलं. तीच खोली, टेबलासमोर त्याच दोन खुर्च्या. मी नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलो, मग उठून त्याच्या खुर्चीवर बसलो. मॅडमनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "बोला सर, काय होतंय?" चाळीस मिनिटांचा तास एका दमात घेणारा मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. माझ्या वतीनं सांगायला तिथं कुणी नव्हतं. मॅडमनी घाई केली नाही, त्या थांबून राहिल्या. आणि मग मी रडलो... हमसून हमसून, कुणी बघेल याची भीती न बाळगता. एवढंच लागत होतं त्याला. मी दाराबाहेर बसलो असतो, तर मिळालं असतं.