वहिनींच्या तिकिटावरचं नाव

उल्हासनगरचा आमचा तिकीट एजंट आधार कार्डाची झेरॉक्स घेतल्याशिवाय कुणाचंच तिकीट काढत नाही. झेरॉक्सवाल्याशी त्याची पार्टनरशिप असावी, असा माझा बरीच वर्षं समज होता. म्हणून कात्रपच्या आमच्या वहिनींचं नागपूरला जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, "एजंट कशाला? मी मोबाइलवर काढतो." त्या कार्ड आणायला उठल्या, तर मीच त्यांना बसवलं. "घरच्या माणसाचं नाव काय कार्डात बघून लिहायचं?"

त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं, दुपारी चारला. आत नेण्याआधी आईला एकदा भेटायचं, एवढंच वहिनींचं म्हणणं. मी सकाळचं विमान धरलं, सगळ्यात स्वस्त भाडं निवडलं, बारीक अक्षरातल्या अटी न वाचताच मान्य केल्या आणि किती वाचवले ते दादाला दोनदा ऐकवलं.

विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं.

"ये तो दूसरा नाम है."

कार्डावर शाळेच्या दाखल्यावरचं, माहेरचं नाव होतं. आडनाव तेवढं आमचं. लग्नात दादाने ताटातल्या तांदळात अंगठीने जे नाव लिहिलं ते घरात रुळलं, पण कागदावर कधी चढलंच नाही. बत्तीस वर्षं ह्या बाईच्या हातचं जेवतोय मी, आणि हे मला जवानाकडून कळलं.

विमान कंपनीच्या खिडकीवर मी आधी आवाज चढवून पाहिला, मग हात जोडून. आतली मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ह्या भाड्यात पैसे परत नाहीत. चार्ज भरलात तर तारीख बदलून मिळेल, माणूस नाही."

नवीन तिकीट काढायचं ठरलं. पहिली जागा संध्याकाळच्या विमानात होती.

"पॅसेंजरचं नाव?" तिने विचारलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मघाशी कार्ड बघूनही घाबरगुंडीत नाव डोक्यात राहिलं नव्हतं. वहिनींनीच पुढे होऊन सांगितलं.

मग त्यांनी नागपूरला फोन लावला. "आई, विमान उशिरा आहे गं. तू जा आत. शुद्धीवर येशील तोवर पोचते मी." पलीकडून म्हातारीने त्यांना नावाने हाक मारली, दोनदा. खिडकीवर नुकतंच ऐकलं होतं म्हणून, नाहीतर ती कुणाला हाक मारतेय तेही मला कळलं नसतं.

वहिनींनी फोन ठेवला. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला.

"भाऊजी, ह्यांना विमान लेट झालं असंच सांगा. उगाच तुमच्यावर चिडतील."

मी तसंच सांगितलं. दादाने विमान कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. तो थांबला तेव्हा त्यात दोन मीही घातल्या.