पोचलात की कळवा रे

महाडच्या आमच्या कारखान्यात आंब्याला मोहर आणणारी पावडर तयार होते आणि ड्रमांतून परदेशी जाते. कागदपत्रं माझ्याकडे, ड्रम चढवणं आमच्या जुन्या हमालाकडे. कंटेनरचं दार ओढण्याआधी तो आत डोकं घालतो आणि मुंबईला निघालेल्या पोरांना सांगावं तसं ड्रमांना सांगतो, "पोचलात की कळवा रे." मग चहाचा कप हातात घेऊन डोळे मिटतो. "आता तिकडं सकाळ झाली असल, नाय?" देश कुठलाही असो, त्याला तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्याच्या वाडीइतकाच जवळ वाटतो.

त्याच्या दारातला आंबा बरीच वर्षं मोहरला नव्हता. यंदाही मोहर आला नाही तर झाड तोडून लाकूड विकायचं, असं त्याच्या भावानं ठरवलं होतं. म्हणून श्रावणात मी त्याला थोडी पावडर दिली आणि पाण्यात कालवून बुंध्याशी ओतायला सांगितलं.

थंडी सरताना त्याच्या वाडीवर गेलो. झाड हिरवंगार, पण मोहराचा पत्ता नव्हता. पुडी खिडकीत तशीच पडलेली. भाऊ अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता आणि हा बुंध्याला खाट टेकवून आडवा झाला होता.

"का नाही घातली?" मी विचारलं.

"त्याला झोप लागलीय, सायेब," तो पानांकडे बघत म्हणाला. "मोडवत नाय."

परवा व्हिएतनामचा माल भरला. त्यानं नेहमीसारखं आत डोकं घातलं आणि ड्रमांना म्हणाला, "हळू उठवा रे तिकडच्या झाडांना."